कॉन्सर्टमध्ये चाहत्याने भरलेली कॅसेट डिजिटल करताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दादाच्या कपाटात बुटांच्या खोक्यात दोन कॅसेट्स सापडल्या, दोन्ही नव्वद मिनिटांच्या. कव्हरवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं: 'डीपी, बॉम्बे, ८-४-९५'. डीपी म्हणजे डीप पर्पल. हा बँड १९६८ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला, म्हणजे १९९५ साली तो सत्तावीस वर्षांचा होता. गिटारवाला रिची ब्लॅकमोर १९९३च्या अखेरीस बँड सोडून गेला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता. गायक इयन गिलन, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड हे बाकीचे चौघे जुनेच. दादा तेव्हा कॉलेजात होता. मित्राचा वॉकमनएवढा रेकॉर्डर शबनममध्ये घालून तो गर्दीत उभा राहिला आणि त्याने सगळी मैफल भरून आणली.

याच कॉन्सर्टचं चित्रीकरणही झालं होतं आणि ते 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने अधिकृतपणे निघालं आहे. मग या खरखरीत कॅसेटचं काय करायचं, असं मला अनेकांनी विचारलं. अधिकृत रेकॉर्डिंगमध्ये बँड आहे. दादाच्या कॅसेटवर बँड आहेच, शिवाय बँडसमोर उभी असलेली माणसं आहेत, आणि तीही दोन हातांच्या अंतरावरून. मला ती जपायची होती. हे काम शिकताना मी एकदा मोठी चूक केली आणि ती निस्तरायला बराच वेळ गेला. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल, मग ती याच कॉन्सर्टची असो किंवा दुसऱ्या कुठल्या, तर खालच्या क्रमाने जा.

काय काय लागेल

- चालू स्थितीतला कॅसेट डेक, लाइन आउट (आवाज बाहेर देणारी मागची जोडणी) असलेला
- यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, जिला स्टिरिओ लाइन इन आहे
- आरसीए वायर
- लॅपटॉप आणि ऑडॅसिटी (हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं)
- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या
- बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- स्क्रूची एक रिकामी कॅसेट, तिचं कवच वापरण्यासाठी
- कानावर पूर्ण बसणारे हेडफोन
- त्या कॉन्सर्टची कागदपत्रं: तिकिटाचा तुकडा, वर्तमानपत्राचं कात्रण, जुनी डायरी, काहीही

१. सगळ्यात आधी टॅब मोडा

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लास्टिकचे टॅब असतात. ते शाबूत असतील तर डेकवर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊ शकतं आणि तीस वर्षांपूर्वीची रात्र पुसली जाऊ शकते. दोन्ही टॅब मोडून टाका. कॅसेट हातात आल्यावर पहिलं काम हेच. ऐकायची घाई करू नका.

२. टेप डोळ्यांनी तपासा

कॅसेट उजेडात धरा आणि गुंडाळलेल्या टेपच्या कडेकडे पाहा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा आणि हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडे द्या.

दुसरी गोष्ट प्रेशर पॅडची. कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा इवलासा चौकोन चिकटवलेला असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की पॅड गळून पडतो आणि आवाज दबका, येत-जात असल्यासारखा होतो. लोकांना वाटतं टेप गेली. टेप ठणठणीत असते. कवच स्क्रूचं असेल तर उघडा आणि दोन्ही चकत्या टेपसकट उचलून रिकाम्या कॅसेटच्या कवचात बसवा. चिकटवलेलं कवच कडेने सावकाश उकलावं लागतं. दादाच्या दुसऱ्या कॅसेटचा पॅड पडलेलाच होता. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून मी ती बदलली, पंखा बंद ठेवून. पंखा खरोखर बंद ठेवा, सुटी टेप वाऱ्याने उडते.

टेप अनेक वर्षं फिरली नसेल तर उतरवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे ताण सारखा होतो.

३. डेक

नवे डेक फारसे मिळत नाहीत आणि मिळतात त्यात दर्जेदार थोडे. जुनाच शोधा. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार इथे नशीब काढता येतं. दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत विचारा. विकत घेताना तीन गोष्टी पाहा: आतले रबरी पट्टे ताणले किंवा वितळलेले नाहीत ना, पियानोची लांब सुरावट वाजवल्यावर ती लाटेसारखी हलत नाही ना, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी आवाज सारखा येतो ना.

'कॅसेट टू एमपीथ्री' म्हणून विकले जाणारे हातातले स्वस्त प्लेअर या कामाला घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो, आणि एकदा डगमगत उतरलेला आवाज नंतर सरळ करणं फार कठीण असतं. काम दुकानात द्यायचं असेल तर आधी स्पष्ट सांगा की एमपीथ्री नको, शांत जागा कापायच्या नाहीत, आवाज बदलायचा नाही. मला एका ठिकाणाहून जी सीडी मिळाली तिच्यात गाण्यांमधला सगळा गोंगाट कापून टाकलेला होता. त्यांना ते कचरा वाटलं होतं.

४. हेड साफ करा आणि त्याचा कोन जुळवा

कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून हेड आणि शेजारचा धातूचा दांडा पुसा. काडी तपकिरी होणं थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या. रबरी रोलर हलक्या हाताने पुसा, घासू नका. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आवाजात सर्वात मोठा फरक तिनेच पडतो. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की हेडचा कोन किंचित बदलतो. याला अ‍ॅझिमथ म्हणतात. ज्या रेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही, तर झांजांचा वरचा सूर नाहीसा होतो आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं.

आधी स्क्रूच्या मूळ जागेवर पेनने खूण करा. मग डावा-उजवा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, हेडफोनवर ऐका आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. जिथे झांजा आणि टाळ्या सर्वात लख्ख ऐकू येतात, ती जागा बरोबर. दादाची कॅसेट ज्या क्षणी जागेवर आली तो क्षण मला नीट आठवतो. पेसचा हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजांची जोडी, जो तोवर नुसती फुसफुस होता, एकदम पत्र्यासारखा वाजू लागला. प्रत्येक कॅसेटसाठी आणि प्रत्येक बाजूसाठी हे पुन्हा करा.

डॉल्बीचं बटण बंद ठेवा. अशा छोट्या रेकॉर्डरवर बहुधा डॉल्बी नसायचंच. खरखर कमी व्हावी म्हणून ते चालू केलं, तर खरखरीबरोबर झांजाही जातात. कव्हरवर भरणाऱ्याने 'डॉल्बी बी' असं लिहिलं असेल तरच चालू करा.

५. जोडणी आणि पातळी

डेकच्या लाइन आउटमधून इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. ते बहुधा मोनो असतं, आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी केलेलं असल्यामुळे डेकचा आवाज तिथे फाटतो.

हेडफोनमध्ये सलग 'हुंऽऽ' असा खालचा आवाज येत असेल तर कॅसेट थांबवून ऐका. तरीही येत असेल तर तो तुमच्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्याने जातो.

ऑडॅसिटीत २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ निवडा. ४८ किलोहर्ट्झही पुरतं. नव्वद मिनिटांना ९६वर सुमारे ३.१ जीबी जागा लागते, ४८वर त्याच्या निम्मी. पातळी ठरवताना कॅसेटमधला सर्वात मोठा आवाज शोधा. तो गाण्यात नसतो. तो गाणं संपल्यावर रेकॉर्डरशेजारी शिट्टी मारणाऱ्या माणसाचा असतो. ती शिट्टी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा आणि मग ती बाजू संपेपर्यंत हात लावू नका.

६. एका दमात उतरवा आणि ती फाइल कुलूपबंद करा

बाजू सुरू होण्याआधीच्या शांततेपासून टेप संपल्याच्या खटक्यापर्यंत सगळं उतरवा. मध्ये फोन आला, दार वाजलं, तरी थांबवू नका. लॅपटॉपचे नोटिफिकेशन आधीच बंद करा.

मग ती फाइल वेव्ह म्हणून साठवा, नावात 'मूळ' लिहा, तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, आणि इथून पुढचं सगळं काम तिसऱ्या प्रतीवर करा. माझी चूक इथेच झाली. पहिल्या वेळी मी मूळ फाइलवरच खरखर काढण्याचा प्रयोग केला आणि तीच साठवली. तोवर डेक बिघडला होता. पुढचे कित्येक महिने माझ्याकडे फक्त पाण्याखालून वाजल्यासारखी मैफल होती. डेक दुरुस्त झाल्यावर सगळं पहिल्यापासून उतरवावं लागलं. टेप तोवर टिकली हे माझं भाग्य.

७. वेग सुरात आणा

इथे सावकाश वाचा, कारण चाहत्यांनी भरलेल्या कॅसेट्सचं खरं दुखणं हेच आहे.

छोटा रेकॉर्डर पेन्सिल सेलवर चालतो. दोन तास सलग भरताना सेल उतरतात आणि मोटर मंदावते. भरताना टेप हळू फिरली, तर नीट डेकवर ती योग्य वेगाने वाजवल्यावर संगीत जलद आणि वरच्या पट्टीत ऐकू येतं. म्हणून कॉन्सर्टच्या सुरुवातीला सगळं ठीक आणि शेवटाकडे गायकाचा आवाज बारीक, असं होतं. दादाच्या कॅसेटवर 'फायरबॉल' जवळजवळ बरोबर होतं, पण 'स्मोक ऑन द वॉटर' येईपर्यंत अर्ध्या सुराची निम्मी चढ झाली होती. एक अख्खा अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक, तेव्हा इथे साधारण ३ टक्के.

ओळखायचं कसं? 'स्मोक ऑन द वॉटर' जी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच. 'चाइल्ड इन टाइम' ए मायनरमध्ये, पांढरी सहा. कीबोर्डवर तो सूर धरा आणि कॅसेट लावा. सूर आपसात कुरकुरले तर वेग चुकला आहे. घरची जुनी पेटी स्वतःच उतरलेली असू शकते, म्हणून कीबोर्ड किंवा फोनवरचा ट्यूनर घ्या. तुमचा बँड दुसरा असेल तर आधी एक खात्री करा: काही बँड गिटार मुद्दाम अर्धा सूर उतरवून वाजवतात.

त्याच कॉन्सर्टचं अधिकृत रेकॉर्डिंग असेल तर याहून पक्की रीत आहे. एकाच गाण्यातले ड्रमचे दोन ठळक ठोके निवडा, एक सुरुवातीचा आणि एक शेवटाकडचा. अधिकृत रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यातलं अंतर समजा २०० सेकंद आहे आणि तुमच्याकडे १९४. तर १९४ भागिले २०० म्हणजे ०.९७. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या आणि गुणक ०.९७ द्या. नुसता सूर किंवा नुसता टेम्पो बदलणारे इफेक्ट इथे चुकीचे आहेत, कारण टेपवर दोन्ही एकत्रच बदललेले असतात. ठोके मात्र एकाच गाण्यातले घ्या, कारण अधिकृत आवृत्तीत दोन गाण्यांमधला वेळ कापलेला असू शकतो.

सेल उतरत गेले असतील तर एक गुणक सगळ्या कॅसेटला लावून चालत नाही. मी दर दोन-तीन गाण्यांनी हे माप घेतलं, वहीत उतरवलं, आणि ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकवर त्या जागी बिंदू ठेवून वेग सावकाश बदलत नेला. एका जागी आलेख एकदम उडी मारून मूळ वेगावर आला होता. कारण कळत नव्हतं. मग हेडफोन लावून त्याच्या आधीचं अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा ऐकलं. गिलन काहीतरी बोलतोय, लोक ओरडतायत, आणि त्यात रेकॉर्डरच्या अगदी जवळ कुणीतरी म्हणतं, "सेल बदल रे, लवकर." मग खट, आणि पुढचं गाणं अर्ध्यातून.

८. आवाज 'स्वच्छ' करण्याचा मोह

नॉइज रिडक्शनचं बटण समोरच असतं. ते दाबू नका. ते टेपची खरखर ओळखून काढतं, पण झांजा, टाळ्या आणि श्वास हेही त्याला खरखरीसारखेच दिसतात. उरतं ते बुडबुडणारं काहीतरी. वर सांगितलेलं ते वाक्य माझ्या पहिल्या, बिघडवलेल्या फाइलमध्ये कळतच नव्हतं. मी ते वर्षभर टाळ्यांचा भाग समजत होतो.

कानाला फारच बोचत असेल तर बास थोडा कमी करा, तोही ऐकण्याच्या प्रतीवर. छोट्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सावरणारी यंत्रणा असते. मोठा ड्रम वाजला की ती सगळंच दाबते आणि मग हळूहळू सोडते. हा चढउतार टेपवरच आहे, तो राहू द्या.

आणखी एक सापळा: बाजू पलटताना किंवा सेल बदलताना जो तुकडा निसटला, तो अधिकृत रेकॉर्डिंगमधून आणून जोडण्याची इच्छा होते. असं केलंत तर ती तुमच्या कॅसेटची नोंद राहत नाही. भोक तसंच ठेवा आणि नोंदीत लिहा: 'इथे बाजू पलटली, गाण्याची सुरुवात नाही.'

९. गाणी वेगळी करा, वंशावळ लिहा

ऑडॅसिटीत लेबल लावून गाणी तोडा. तोडण्याची जागा टाळ्या ओसरल्यावर, पुढच्या गाण्याआधी. गायकाचं बोलणं ज्या गाण्याची ओळख करून देतं त्या गाण्याला जोडा. फाइल्स फ्लॅकमध्ये साठवा. फ्लॅक आकार कमी करतं, पण आवाजातला एकही कण टाकत नाही. एमपीथ्री फक्त फोनसाठी.

गाण्यांची नावं घाईने लिहू नका. १९९५ साली हा बँड पुढच्या वर्षी येणाऱ्या अल्बममधली नवी गाणी आधीच वाजवत होता. 'केन द मेकॅनिक' नावाचं गाणं नंतर 'टेड द मेकॅनिक' झालं. मी आधी नवं नाव लिहिलं होतं, मग त्या रात्रीचंच ठेवलं.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल करा. तारीख, शहर, गाण्यांचा क्रम, भरणाऱ्याची जागा, आणि आवाजाचा सगळा प्रवास: रेकॉर्डरचा माइक, कॅसेट मूळ की प्रत, डेक, इंटरफेस, सॉफ्टवेअर, वेगात केलेले बदल. कॅसेट मूळ आहे की कॅसेटवरून केलेली प्रत, हे फार महत्त्वाचं. प्रत्येक प्रतीला खरखर वाढते. लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये २१ जून १९७७ रोजी माइक मिलर्ड नावाच्या चाहत्याने लेड झेपेलिन या बँडची मैफल नाकामिची ५५० रेकॉर्डरवर भरली. यंत्र आत नेण्यासाठी तो व्हीलचेअरवर बसून जात असे. त्या टेपची आजही इतकी चर्चा होते, त्यात कोणती प्रत मूळच्या किती जवळची हा मोठा भाग आहे. तुमच्याकडे मूळ असेल तर ते ठळक लिहा.

१०. साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा फाइल्स उघडून पाहा. कॅसेट टाकून देऊ नका. एका टोकापर्यंत गुंडाळून, डबीत उभी, सिलिका जेलच्या पुडीसोबत, स्पीकरपासून लांब ठेवा.

११. वाटण्याआधी

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. वाटणं, विकणं, सगळ्यांसाठी चढवणं ही वेगळी गोष्ट आहे. कलाकाराचा हक्क आहे आणि गाण्याच्या रचनेचाही आहे. पैसे तर कधीच घेऊ नका. ज्यांना ती मैफल हवी आहे त्यांना अधिकृत आवृत्ती घ्यायला सांगा.

१२. ज्याने भरली त्याला ऐकवा

हे शेवटी लिहिलं असलं तरी उशिरा करू नका. माणसाला रेकॉर्डर कुठला होता, आपण मंचाच्या कुठल्या बाजूला होतो, हे आज आठवतं. हेडफोन देऊ नका, स्पीकरवर लावा, म्हणजे तो बोलत राहील. फोनवर त्याचं बोलणं भरून घ्या.

मी रविवारी दुपारी दादाला ऐकवलं. लॉर्डच्या ऑर्गनपाशी तो काही बोलला नाही. सेल बदलायची जागा आली तेव्हा मी आवाज वाढवला आणि म्हटलं, हा तू. त्याने मान हलवली. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "मी नाही रे. माझ्या हातात रेकॉर्डर होता. हा सेल आणलेला तो, ज्याचा रेकॉर्डर होता तो." त्याने त्या मित्राचं नाव घेतलं आणि फोन शोधू लागला. नोंदीच्या फाइलमध्ये 'भरणारा' या ओळीत आता दोन नावं आहेत.